आंधळी कोशिंबीर आणि पांढरी काठी

लहानपणीं आंधळी कोशिंबीर खेळला नाहीं असा मराठी मनुष्य विरळाच. डोळ्यांवर रुमालाची घट्ट पट्टी, जागच्या जागीं तीन गिरक्या, आणि मग हात पुढें करून, कोणाच्या तरी हसण्याच्या अनुरोधानें चाचपडत जाणारा तो गडी, हें चित्र आपणां सर्वांच्या स्मरणांत आहे. लंगडीचेंही तसेंच. एक पाय मुडपून दुसऱ्या पायावर उड्या घेत गडी बाद करण्यांत केवढी मौज वाटत असे! परंतु या दोन खेळांतून अंध माणसाविषयीं, अथवा पायानें अधू असलेल्या माणसाविषयीं, आपणांस कांहीं कळलें काय? प्रामाणिकपणें उत्तर द्यावयाचें तर कांहींएक कळलें नाहीं. पट्टी सुटली कीं खेळ संपला. मुडपलेला पाय खालीं टेकला कीं आपण पूर्ववत् धांवूं लागलों.

खेळापासून कोणी ज्ञानाची अपेक्षा करीत नाहीं, म्हणून त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. तथापि अलीकडे हाच खेळ ‘अनुभव’ या भारदस्त नांवानें शाळांतून व वसाहतींतून खेळला जातो. ३ डिसेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार १९९२ पासून जागतिक अपंग दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, कानांत कापसाचे बोळे घालतात, चाकांच्या खुर्चींत बसवून पटांगणाला एक फेरी मारावयास लावतात, आणि अर्ध्या तासानें ‘कसें वाटलें?’ म्हणून विचारतात. मुलें म्हणतात, ‘फार वाईट वाटलें.’ शिक्षक संतुष्ट होतात, पालक संतुष्ट होतात, आणि मुलांच्या ठिकाणीं सहानुभूति उत्पन्न झाली असें सर्वजण समजतात. मीही तसेंच समजत होतों. ती समजूत किती अपुरी होती हें मला ज्या रीतीनें उमगलें, ती हकीकत विचारी पालकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एका रविवारची गोष्ट

पुण्यांतील आमची वसाहत लहानशीच आहे. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याच्या सुटींत मुलांना कांहीं तरी उद्योग लावून देण्याचें काम मीं आपण होऊन अंगावर घेतलें आहे. दोन वर्षांपूर्वींच्या एका रविवारीं मीं वसाहतींतील दहा-पंधरा मुलें गोळा केलीं, त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, आणि इमारतीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावयास सांगितली. कोणी स्कूटरला अडखळलें, कोणी एकमेकांवर आदळलें; एक लहान मुलगी तर रडूं लागली. पट्ट्या सोडल्यावर, आज काय शिकलांत, असें मीं विचारलें. माझा नऊ वर्षांचा नातू चटकन् म्हणाला, “आजोबा, आंधळ्या माणसांना कांहींच करतां येत नसेल. त्यांना घराबाहेर पडूंच देऊं नये. बिचारे पडतील!” त्याचें कोमल अंतःकरण पाहून मला धन्यता वाटली, व मीं त्याची पाठ थोपटली.

हा सर्व प्रकार पहिल्या मजल्याच्या गॅलरींतून एक बाई पाहत होत्या. वयाच्या दुसऱ्या वर्षीं पोलिओनें त्यांचे दोन्ही पाय गेले. पुढें कुबड्यांच्या आधारानें त्यांनीं शिक्षण पुरें केलें, माध्यमिक शाळेंत तीस वर्षें गणित शिकविलें, आणि आतां त्या चाकांच्या खुर्चीचा उपयोग करतात. लहानथोर सर्वजण त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखतात. संध्याकाळीं त्यांनीं मला बोलावून घेतलें.

“तुमच्या नातवाचें उत्तर ऐकलें,” त्या म्हणाल्या. “मुलगा गुणी आहे, पण आज तुम्हीं त्याला काय शिकविलेंत याचा विचार करा. अंधत्व आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत माणसाची जी गत होते, ती तुम्हीं त्याला दाखविलीत. चाळीस वर्षें अंध असलेला माणूस त्या दहा मिनिटांत राहत नसतो. पोहतां न येणाऱ्याला विहिरींत ढकलावें आणि वर काढून, ‘पोहणें म्हणजे काय तें कळलें ना?’ म्हणून विचारावें, तशांतला हा प्रकार झाला.”

मी निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर थोडासा दुखावलोंही. पुढें या विषयावर वाचतांना आढळलें कीं, बाईंचें म्हणणें केवळ त्यांचें एकटीचें मत नव्हे. २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कांहीं लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून साधीं कामें करविलीं, व नंतर अंध माणसांच्या योग्यतेविषयीं त्यांचें मत विचारलें. ज्यांनीं पट्टी बांधली होती त्यांनींच, अंध व्यक्ति नोकरी करण्यास व स्वतंत्रपणें राहण्यास कमी समर्थ असतात, असा अभिप्राय दिला. अनुकंपा वाढली, पण आदर घटला! अनुकंपेच्या पोटीं अनादर जन्मास यावा, हें आपल्या दयाधर्मास विचार करावयास लावणारें आहे.

निघतांना बाईंनीं आणखी एक प्रश्न केला. “गेलीं सात वर्षें मी गणपतीला खालीं आलें नाहीं. कां, तें कोणी कधीं विचारलें?” आमच्या इमारतींत लिफ्ट आहे, परंतु लिफ्टपासून अंगणांत उतरावयास पांच पायऱ्या आहेत. मी म्हणालों, “अहो बाई, आम्ही चौघेजण खुर्चीसकट तुम्हांला उचलून नेऊं, असें दर वर्षीं सांगतों कीं!” त्यावर त्या हसून म्हणाल्या, “गणपतीला उचलून आणतात तें शोभतें. मी कांहीं गणपति नव्हे. मला माझ्या वेळीं यावयाचें असतें, आणि कंटाळा आला कीं माझ्या वेळीं परत जावयाचें असतें.”

ज्या अंगणांत मीं मुलांना अपंगत्वाचा धडा देत होतों, त्याच अंगणांत येण्याची वाट एका अपंग व्यक्तीला बंद होती, आणि हें माझ्या लक्षांत सात वर्षांत आलें नव्हतें. डोळ्यांवर पट्टी कोणाच्या होती, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच.

टिकल्यांचीं अक्षरें आणि पानाची डावी बाजू

त्यानंतरच्या रविवारपासून सर्व सूत्रें बाईंच्या हातीं दिलीं. त्यांचा पहिला नियम असा कीं, जो तें आयुष्य जगतो त्यानेंच तें शिकवावें. दुसरा नियम असा कीं, मुलांनीं नुसतें पाहूं नये. प्रत्येक वेळीं हातानें कांहीं तरी करावें. त्यांच्या निमंत्रणावरून त्यांचे एक कॉलेजांतील स्नेही आमच्याकडे आले. ते जन्मापासून अंध असून बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. रिक्षांतून उतरून, पांढरी काठी घेऊन ते फाटकांतून एकटेच चालत आले, हें पाहूनच मुलें स्तब्ध झालीं. “काका, तुम्ही एकटे आलांत?” हा पहिला प्रश्न. “मग काय, वरात घेऊन येऊं?” हें त्याचें उत्तर.

काठी नुसती टेकावयाची नसते, तिला एक ताल असतो, हें त्यांनीं मुलांना करून दाखविलें. उजवें पाऊल पुढें पडतें तेव्हां काठीचें टोंक डावीकडे असतें. म्हणजे डावें पाऊल जेथें पडावयाचें ती जागा अगोदरच तपासलेली असते. भिंतीजवळ काठीचा आवाज एक प्रकारचा येतो, उघड्या फाटकापाशीं निराळा येतो. अंध माणसाला रस्ता ओलांडण्यास साहाय्य करावयाचें तर त्याचा हात धरून ओढूं नये, पाठीमागून ढकलूं नये. अगोदर विचारावें; त्यानें होकार दिल्यास आपलें कोपर पुढें करावें. तो कोपराच्या वर दंड धरतो, अर्धें पाऊल मागें राहून चालतो, आणि आपल्या अंगाच्या हालचालीवरून पायरी चढावयाची कीं उतरावयाची हें ओळखतो. मुलांनीं पाळीपाळीनें त्यांना अंगणांतून फिरवून आणलें. या वेळीं कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी नव्हती, आणि कोणी रडलेंही नाहीं.

मग ब्रेल लिपीचा पाठ झाला. लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजीं फ्रान्समधील कूव्रे या गांवीं झाला. बाप घोड्यांचें सामान शिवणारा. त्याच्या कारखान्यांतील अरीनें खेळतांना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढें दोन्ही डोळे गेले. तशाच अणकुचीदार हत्यारानें कागदावर उमटणाऱ्या टिंबांची लिपि त्यानें वयाच्या पंधराव्या वर्षीं सिद्ध केली, ही गोष्ट मुलांनीं श्वास रोखून ऐकली. भारतीय भाषांसाठीं सर्वसामान्य असें भारती ब्रेल १९५१ सालीं निश्चित झालें. सहा टिंबांच्या निरनिराळ्या जुळणींतून त्रेसष्ट चिन्हें होतात. डाव्या रांगेंत वरून खालीं पहिलें, दुसरें, तिसरें. उजव्या रांगेंत चौथें, पांचवें, सहावें. पहिलें व तिसरें टिंब म्हणजे ‘क’. पहिलें, तिसरें व चौथें म्हणजे ‘म’. पहिलें, दुसरें व तिसरें म्हणजे ‘ल’. एवढ्यावर वाचकांसही ‘कमल’ हा शब्द लिहितां येईल.

लिहिण्याचें साधन कोठून आणावें? बाईंनीं युक्ति काढली. मुलींनीं आपापल्या घरून कपाळाच्या टिकल्या आणल्या. जाड पुठ्ठ्यावर फुगीर टिकल्या चिकटवून प्रत्येकानें एक शब्द लिहिला, आणि पाहुण्यांनीं तो बोटानें वाचला. एका मुलीच्या पुठ्ठ्यावर बोट थांबलें. “हें ‘कनल’ झालें, बाळ. ‘म’मध्यें पांचवें टिंब नसतें, तें घातलेंस म्हणून त्याचा ‘न’ झाला.” शुद्धलेखनाची चूक काढणारा अंध मनुष्य मुलांनीं प्रथमच पाहिला. ‘बिचारे’ हा शब्द त्या दिवसानंतर माझ्या नातवाच्या तोंडून ऐकूं आला नाहीं.

दुपारीं जेवणाची पंगत होती. अंध पाहुण्यास वाढतांना पान घड्याळाच्या तबकडीप्रमाणें समजून, बाराच्या ठिकाणीं अमुक, तिनाच्या ठिकाणीं तमुक, असें सांगण्याची एक चांगली पद्धति आहे. परंतु पाहुणे म्हणाले, “आपल्या आज्यांनीं हें काम कधींच करून ठेवलें आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. वाढणाऱ्यानें क्रम मोडूं नये, आणि काय वाढलें तें तोंडानें सांगावें. मला दुसरें कांहीं नको.” पानाची डावी-उजवी बाजू चुकली म्हणून आपण लहानपणीं बोलणीं खाल्लीं, त्या शिस्तीचा असाही उपयोग असेल हें कोणाच्या मनांत आलें असेल? मध्येंच एका मुलानें पाण्याचा पेला न सांगतां बाजूस सरकविला. पाहुण्यांचा हात लागून तो लवंडला. अंध माणसाच्या हाताशीं असलेली वस्तु त्यास सांगितल्यावांचून हलवूं नये, हा नियम त्या सांडलेल्या पाण्यानें सर्वांना कायमचा पाठ झाला.

पांच पायऱ्यांचें गणित

आतां राहिल्या त्या पांच पायऱ्या. मुलांनीं उत्साहाच्या भरांत एक सहा फुटी फळी पैदा केली व पायऱ्यांवर टाकली. बाईंनीं वरूनच सांगितलें, “अगोदर रिकामी खुर्ची सोडून पाहा.” खुर्ची सोडली, ती वेगानें घसरत खालीं आली आणि उलटली. मुलांचे चेहरे उतरले. बाई मात्र प्रसन्न झाल्या, कारण आतां गणिताला आरंभ करतां येणार होता.

चाकांच्या खुर्चीसाठीं उताराचें मान एकास बारा असावें, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे एक इंच उंचीसाठीं बारा इंच लांबी. मुलांनीं टेपानें पायऱ्या मोजल्या. प्रत्येकी सहा इंच, एकूण तीस इंच. म्हणून रॅम्प तीस फूट लांब हवा. समोरची जागा भरली बावीस फूट. मग काय करावयाचें? दोन दिवस कागदावर आकृत्या काढल्यानंतर एका सातवींतील मुलीला उत्तर सुचलें: पंधरा फूट जाऊन, पांच फुटांच्या सपाट जागेवर वळून, पुन्हां पंधरा फूट परत यावयाचें. त्रैराशिक आणि भूमिति यांचा इतका जिवंत पाठ मीं तरी दुसरा पाहिला नाहीं.

सोसायटीच्या सभेंत अडचणी निघाल्या. खर्च होता, दोन स्कूटरींची जागा जाणार होती. आणि ‘एका व्यक्तीसाठीं एवढा खटाटोप कशाला?’ असाही सूर निघाला. त्यावर मुलांनीं वाद घातला नाहीं. पुढच्या रविवारीं सकाळीं तीं वही घेऊन पायऱ्यांपाशीं बसलीं आणि त्या पायऱ्या चढतांना वा उतरतांना कोणाकोणाला त्रास होतो, तें लिहूं लागलीं. गुडघेदुखीचे आजोबा, बाबागाडी उचलणारी आई, गॅसची टाकी आणणारा माणूस, दोन बॅगा ओढणारे पाहुणे, पाय मोडून प्लॅस्टरमध्यें असलेला क्रिकेटपटु. दुपारपर्यंत वहीचीं दोन पानें भरलीं. तीं पानें पुढच्या सभेंत वाचलीं गेलीं, आणि ‘एका व्यक्तीसाठीं’ हा शब्दप्रयोग पुन्हां निघाला नाहीं. सभेनें ठराव मंजूर केला.

दया कीं शेजार?

आपल्याकडे या विषयाची आस्था नव्हती असें नव्हे. मुंबईंत दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालीं व ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालीं स्थापन झाली. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभें केलें, आणि तेथें पुढें कुष्ठरोग्यांप्रमाणेंच अंध, बधिर व अपंग यांनाही शिक्षण व काम मिळालें. १९७२ सालीं मुंबईंत मेंदूच्या पक्षाघातानें पीडित मुलांसाठीं स्पॅस्टिक्स सोसायटी निघाली. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला कीं, अपंग मूल एका शाळेंत व आपलें मूल दुसऱ्या शाळेंत वाढूं लागलें. वडिलांच्या पुण्यतिथीस अंधशाळेंत जिलबीचें जेवण द्यावें, मुलांकडून एक एक वाढवावी, छायाचित्र काढावें आणि परत यावें, एवढाच काय तो दोघांचा संबंध उरला. त्या दानाला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु घेणारा नेहमीं तोच आणि देणारा नेहमीं मीच, असें ज्या मुलाच्या मनावर बिंबलें, तें मोठेपणीं अपंग सहकारी, अपंग वरिष्ठ अथवा अपंग सून सहजपणें स्वीकारील काय?

२०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत अपंग व्यक्तींची संख्या २ कोटि ६८ लक्ष नोंदली गेली. महाराष्ट्रांत ती ३० लक्षांच्या आसपास होती. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे पूर्वींचे सात प्रकार वाढवून एकवीस केले, आणि सर्वसाधारण शाळेंतच इतरांबरोबर शिकण्याचा मार्ग मोकळा असावा असें तत्त्व सांगितलें. त्या कायद्याची भाषा उपकाराची नसून अधिकाराची आहे. कायदा शाळेचें दार उघडूं शकतो. बांकावर सरकून जागा देण्याची संवय मात्र घरांतच लागावी लागते.

ज्या कुटुंबांना असा प्रयत्न करावयाचा असेल त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवांतून निघालेल्या चार गोष्टी सांगतों. शिकविणारी व्यक्ति स्वतः अपंग असावी, आणि तिला इतर कोणत्याही व्याख्यात्याप्रमाणें मानधन द्यावें. अपंग मुलाला मात्र कधींही प्रदर्शनाची वस्तु करूं नये. त्याला खेळावयास बोलवावें, पाहावयास नव्हे. ऐकूं न येणाऱ्या व्यक्तीशीं बोलतांना ओरडूं नये. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असें समोर उभें राहावें. भारतीय सांकेतिक भाषेचे दहा-वीस शब्द सर्व घरानें मिळून शिकावे. त्या भाषेला स्वतःचें व्याकरण आहे. ‘तूं कोठें जातोस?’ हें विचारतांना ‘कोठें’ची खूण शेवटीं येते, आणि प्रश्नचिन्हाचें काम भुंवया करतात. २०२१ पर्यंत तिच्या कोशांत दहा हजार शब्दांची भर पडलेली आहे. टाळ्या वाजविण्याऐवजीं दोन्ही हात उंच करून हलविण्याची त्यांची पद्धति तर लहान मुलांना अतिशय आवडते.

आणखी एक. १९६५ च्या युद्धांत जखमी झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं जर्मनींत पोहण्याचें सुवर्णपदक मिळवून पॅरालिंपिकमध्यें भारताला पहिलें सुवर्ण दिलें, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. परंतु तेवढीच सांगूं नये. सर्व डोळस माणसें कांहीं विक्रमवीर नसतात. मग अपंग माणसानें सन्मान मिळविण्यासाठीं सुवर्णपदक कां आणावें? त्याला साधेपणानें, रागलोभांसह, आपला शेजारी म्हणून राहतां यावें, यांतच सर्व आलें.

रॅम्प पुरा होण्यास वेळ लागला. त्या वर्षींचा गणपति त्यापूर्वींच आला. तेव्हां मुलांनींच हट्ट धरून पाठांतराची स्पर्धा लिफ्टसमोरच्या वरच्या जागेंत भरविली. गेल्या वर्षीं मात्र बाई पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वेळीं खालीं आल्या, आणि एका संध्याकाळीं कंटाळा आला तेव्हां कार्यक्रम अर्धा टाकून स्वतःच्या वेळीं वरही गेल्या. पाठांतराच्या स्पर्धेला अर्थातच त्याच परीक्षक होत्या. माझ्या नातवाचे दोन उच्चार चुकले. त्याला तिसरा क्रमांक मिळाला. घरीं येऊन तो पाय आपटीत म्हणाला, “आजोबा, या बाई फार कडक आहेत!”

दोन वर्षांपूर्वीं मीं त्याच्या कोमल अंतःकरणाबद्दल त्याची पाठ थोपटली होती. त्या दिवशीं ती थोपटावयाची राहिली खरी. पण मनांतून मला जें समाधान वाटलें, तें पहिल्या वेळेपेक्षां पुष्कळच अधिक होतें.